आधी सकाळ लिहा

आमच्याकडे भाताची सुगी आणि पोरांच्या परीक्षा एकाच वेळी येतात. खाली खाचरांत इंद्रायणी पिवळी पडायला लागते आणि वर, आमच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये, पोरांचे चेहरे. दोन्हींची मला सारखीच काळजी वाटते. भात वेळेत कापलं नाही तर दाणा झडतो. पोरांचं काय होतं, ते सांगायलाच आज बसले आहे.

यंदाही तेच चाललंय. जिन्यात चपलांचा ढीग वाढलाय, त्यावरून ओळखायचं की एकेका खोलीत चारचार जण अभ्यासाला जमलेत. गॅलरीत कुणीतरी झेरॉक्सची भेंडोळी घेऊन येरझाऱ्या घालतंय आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकतंय. खाली विळे चाललेत. ओल्या पेंढ्याचा वास वर चढतो, कॉफीचा वास खाली उतरतो आणि दोघांची गाठ बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडते. काल एका नव्या भाडेकरूनं वरून विचारलं, "काकू, तुम्ही बासमती शिजवताय का?" मी म्हटलं, "लवळ्यात राहून बासमतीचं नाव पुन्हा काढलंस तर खोली रिकामी करून घेईन." पोरगं घाबरलं. मग मीच त्याला कापलेल्या भाताच्या मूठभर लोंब्या हुंगायला दिल्या.

हा वास आला की मला चार वर्षांपूर्वीची सुगी आठवते. दरवर्षी आठवते. आधी हातातलं काम थांबतं, मग हळूहळू बरं वाटतं.

मी या घरात लग्न होऊन आले ती औषधशास्त्राची पदवी घेऊन. डोंगरावर तेव्हा विद्यापीठं नव्हती, खोल्या नव्हत्या, शेती होती आणि म्हशी होत्या. पुढे हिंजवडीत नोकरी लागली, कंपनीची गाडी चांदणी चौकातून न्यायला-आणायला लागली. माझं काम सांगितलं की लोकांना खोटं वाटतं. जगभरातून माणसं कळवतात की अमुक गोळी घेतली आणि अंगावर चट्टे उठले, तमुक गोळी घेतली आणि झोपच उडाली. ते सगळं वाचायचं, तपासायचं आणि नोंदवायचं. "लोकांना काय काय होतं ते वाचून ही पगार घेते," असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. त्या कामातली एक गोष्ट मला फार आवडते. तिथे कुणी कुणाला रागावत नाही. का घेतलीस, असं विचारायची पद्धतच नाही. काय घेतलं, कशाबरोबर घेतलं आणि मग काय झालं, एवढंच विचारतात.

मी स्वतः अशी नाही, हे आधीच सांगते. माझा राग नाकावर असतो. म्हणूनच बहुतेक मला ती पद्धत आवडत असावी.

रफीक मला भेटला तो नळाच्या तोट्या घेताना. पौडच्या बाजारात त्याच्या घरचं हार्डवेअरचं दुकान आहे. वरच्या खोल्यांसाठी सामान घ्यायला गेले, तर माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून म्हणाला, "ताई, तुमी औषधांतल्या हायेत न्हवं? एक इचारू का? मी चार-पाच वर्सं नशा केली. सोडली आता. पन झोप काय येत न्हाई अजून. ती कधी यील?" शेजारी त्याचे वडील खिळे तोलत होते. माणूस आपली रक्तातली साखर सांगतो, तितक्या सहज त्यानं हे सांगितलं. मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं आणि पुण्यातल्या एका डॉक्टर मैत्रिणीकडे पाठवलं. पुढच्या खेपेला तो म्हणाला, "ताई, मला इचारायला तुमी गावल्या. बाकीच्या पोरांनी कुनाला इचारायचं?"

खरंच कुणाला विचारायचं? त्या दिवशी मी घरी येऊन मोबाइलवर मराठीत शोधून पाहिलं. दोनच गोष्टी सापडल्या. एकीकडे कवटीची चित्रं आणि 'व्यसन म्हणजे मृत्यू' असे मोठ्ठे फलक. दुसरीकडे पोरांच्या बढाया. मधे काही नाही. घाबरलेल्या पोराला कवटी दाखवून काय उपयोग? ते आधीच घाबरलेलं असतं.

मग आम्ही दोघांनी मोबाइलवर मराठीत एक ग्रुप सुरू केला. कुणीही यावं, खोटं नाव घ्यावं, पण खरं विचारावं. कुठे मिळतं, केवढ्याला मिळतं, किती घ्यायचं, हे प्रश्न दिसले की आम्ही ते काढून टाकायचो. बाकी काहीही चालायचं. अंगाला कापरं भरलंय, मित्र बोलता बोलता थांबलाय, सोडायचंय पण जमत नाही, आईला कळलंय. डॉक्टर मैत्रीण सवडीनं उत्तरं द्यायची. जिवावरचं असेल तिथे आमचं एकच सांगणं असायचं: माणसाला एकटं सोडू नका, कुशीवर वळवा, मदत बोलवा, गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या आणि डॉक्टरला खरं सांगा.

ग्रुपवर स्वतःसाठी विचारणारा एकही जण नव्हता. सगळे मित्रासाठी विचारायचे. "माझ्या रूममेटला विचारायचंय," "एका मैत्रिणीचा प्रॉब्लेम आहे." या मुळशी तालुक्यात मैत्रीला इतका जोर असेल, असं मला वाटलं नव्हतं. आम्हीही इमानानं त्या मित्राची विचारपूस करायचो. मित्र जेवला का? मित्राला आता कसं वाटतंय?

पहिलं मोठं भांडण झालं ते एका सुंदर लेखावरून. हो, सुंदरच. कुणा पोरानं संध्याकाळी टेकडीवर बसून काहीतरी घेतलं होतं आणि धरणाचं पाणी, उतरतं ऊन, गवताची पाती यांच्याबद्दल असं काही लिहिलं होतं की वाचताना मलाच ते गवत दिसायला लागलं. खाली लाल बदामांचा पाऊस. रफीकनं फोन केला. "काढून टाका ताई. ह्ये वाचून मीपन पुन्ना गेलो आसतो." मी म्हटलं, काढायचं नाही. पोराला चांगलं वाटलं, ते त्यानं खरं लिहिलं. आपण फक्त वाईटच ऐकणार असू, तर आपल्यात आणि त्या कवटीत फरक काय? रफीक म्हणाला, "खरं हाय, पन अर्दंच हाय."

ते 'अर्धं' माझ्या डोक्यात बसलं. मी त्या पोराला खाली लिहिलं, "फार छान लिहिलंस. आता दुसऱ्या दिवशीची सकाळही लिही." मला वाटलं, पळून जाईल. पण त्यानं लिहिली. सकाळी जबडा दुखत होता. उलटी झाली. वर्गात गेला नाही. आईचा फोन आला, काल काय जेवलास म्हणून विचारलं, तर त्याला आठवेना. त्यानं वरणभात सांगून दिलं. शेवटी लिहिलं होतं, "गवत तेच होतं, काकू. पण बघावंसं वाटलं नाही."

तिथून आमच्याकडे रीतच पडली. रात्र लिहिलीस ना, मग सकाळही लिही. हळूहळू त्या सकाळीच जास्त वाचल्या जायला लागल्या. कुणाच्या सकाळी चप्पल हरवलेली असायची, कुणाच्या सकाळी मैत्री. कुणी प्रामाणिकपणे लिहायचं की सकाळी काहीच झालं नाही, पोहे खाल्ले. तेही आम्ही राहू द्यायचो. खरं म्हणजे खरं.

आमचे भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे चुलतभाऊ बाळासाहेब, यांना हे मुळीच पसंत नव्हतं. ते पंचायतीचे सदस्य, शेजारीच त्यांचं घर, त्यांच्याही खोल्या भाड्यानं दिलेल्या. चार वर्षांपूर्वीच्या त्या सुगीच्या सुरुवातीला डोंगराच्या पायथ्याशी एक परगावचा मुलगा नशेत पडलेला सापडला. वाचला तो, पण गाव हादरलं. बाळासाहेब अंगणात येऊन खाटेवर बसले.

"वैनी, त्यो तुमचा ग्रुप बंद करा आता."

"का म्हणून, भाऊजी?"

"पोरं हितं शिकाय येत्यात. नशेची नावं त्येंना तुमीच शिकवताय. माझं पोरगं धाव्वीत हाय. त्येनं उद्या ह्ये वाचलं मंजी?"

"वाचलं तर घाबरेल. पोरांनी लिहिलेल्या तिथल्या सकाळी वाचल्यात का तुम्ही?"

"मी कशाला वाचू? मला काय गरज? आन् न वाचताबी मला कळतंय, ज्याच्यावर बोलायचं न्हाई त्याच्यावर बोलत बसलं की त्ये वाढतंय."

मी त्यांना वाटेल ते बोलले. पण ते उठून गेल्यावर मला कबूल करावं लागलं की माणूस मूर्खासारखं बोलत नव्हता. दहावीतल्या मुलाचा बाप होता. आमच्या ग्रुपचं दार कुणालाही उघडं होतं. त्यातून चौदा-पंधरा वर्षांचं कुतूहलही आत येत असणार. आठवड्याभरात ग्रामसभा होती आणि ते हा विषय काढणार होते. रफीकचे वडीलही धास्तावले होते. पोलिसांनी उद्या उलटाच अर्थ काढला तर?

आणि याच दिवसांत वरच्या खोलीत मृणाल होती.

मृणाल नांदेडकडची. वडील एका जिनिंग मिलमध्ये वजनकाट्यावर. डोंगरावरच्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकणारी, भराभरा बोलणारी, भराभरा चालणारी मुलगी. घरचा फोन आला की मात्र तिचा आवाज बदलायचा. "हो बाबा. ठीक आहे बाबा. चालू आहे अभ्यास, बाबा." गॅलरीतून ते मला ऐकू यायचं. खोलीत तिच्याबरोबर सायली राहायची, सांगलीची, तिच्या उलट संथ आणि झोपाळू. त्या सुगीत मृणाल बारीक झाली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. परीक्षेच्या दिवसांत सगळीच तशी दिसतात. मी वर भाताचा डबा पाठवायचे आणि तो तसाच परत यायचा.

आमच्या घरचं भात त्या वर्षी मागे पडलं होतं. नवऱ्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, माझी नोकरी, मजूर मिळेनात. लोंब्या वाकून जमिनीला टेकल्या तसा गावानं इर्जिकीचा बेत केला. इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलंय त्याच्या शेतात सगळ्या आळीनं जायचं, काम उरकून द्यायचं. मजुरी नाही, त्या घरानं पोटभर जेवण घालायचं, एवढंच. पुण्याला माझ्या माहेरी मी हे सांगते तेव्हा तिथल्या लोकांना ते फार गोड वाटतं. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. काम संपेपर्यंत कुणी विचारत नाही की तुमचं मागं का पडलं. विचारतात, टोमणेही मारतात, महिनाभर पुरतात असे मारतात, पण भात घरात आल्यावर.

झोडणीचा दिवस होता. खळ्यावर पेंढ्या आपटल्या जात होत्या, धूळ उडत होती, बायका सुपानं भात वारवत होत्या. मी दुपारच्या जेवणाच्या गडबडीत, पावट्याच्या आमटीचं पातेलं उतरवत होते. बाळासाहेब त्यांच्या पिकअपमध्ये भरलेली पोती रचून घेत होते. बोलणं बंद असलं म्हणून काय झालं, इर्जिकीला ते सगळ्यांच्या आधी हजर होते.

सायली जिन्यावरून धावत आली. अनवाणी. खळ्याच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि ओरडली, "काकू, मृणाल उठत नाहीये! तिनं गोळ्या घेतल्यात. जागायच्या घेत होती आणि आज पहाटे झोपेच्या घेतल्या. मी कुशीवर झोपवलंय तिला, शेजारची मुलगी बसलीय जवळ. गाडी पाहिजे, काकू!"

सगळी आळी तिथे होती. म्हातारे होते, बायका होत्या, बाळासाहेबांचा दहावीतला मुलगाही होता. सायलीला ते सगळे दिसत होते. ती बावीस वर्षांची मुलगी, आपल्या मैत्रिणीचं आणि पर्यायानं आपलंही नाव सगळ्या गावासमोर ठेवत होती आणि तिचा आवाज जराही खाली आला नाही. तिच्या मुठीत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या.

"आरं पोती उतरवा!" बाळासाहेब ओरडले. "बगत काय ऱ्हायलाय? उतरवू नका, ढकला खाली!" पोती खाली आली, एक फुटलं, भात मातीत सांडलं. चार बायकांनी मृणालला चादरीतून खाली आणलं. पिकअपच्या हौद्यात पेंढा पसरून तिला आम्ही कुशीवर निजवलं. मी आणि सायली दोन बाजूंना बसलो. तिचा श्वास चालू होता, पण इतका सावकाश की प्रत्येक श्वासाला मला वाटायचं, आता पुढचा येईल ना? सायली सारखी तिच्याशी बोलत होती. "मृणाल, भूगाव आलं बघ. मृणाल, आलंच हं." बाळासाहेबांनी त्या दिवशी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. हॉर्न तेवढा आठवतो.

रुग्णालयात सायलीनं पट्ट्या समोर ठेवल्या आणि कधी काय घेतलं ते एका दमात सांगितलं. उपचार लगेच सुरू झाले. बऱ्याच वेळानं तिथल्या डॉक्टर बाहेर आल्या, म्हणाल्या, धोका टळला. मग दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "पहिल्यांदाच खरं कळलं, ते बरं झालं. एरवी आमचा निम्मा वेळ बरोबरच्यांकडून खरं काढण्यात जातो."

बाळासाहेब बाकावर बसले होते. केसांत भाताचा कोंडा आणि कुसळं. त्यांनी सायलीला विचारलं, "तुला कुनी सांगितलं गं, कुशीवर निजवायचं, पट्ट्या घ्यायच्या?"

"काकूंच्या ग्रुपवर वाचलं होतं."

माझी मान ताठ झाली. खोटं कशाला बोलू? त्या प्रसंगातही झाली. भाऊजींकडे मी मुद्दाम पाहिलं नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहावं असं मला फार वाटत होतं.

सायलीनं चहाचा घोट घेतला. म्हणाली, "काकू, पण त्या जागायच्या गोळ्यांचंसुद्धा तिनं तिथंच वाचलं होतं."

नंतर मी ते शोधून काढलं. एका पोरानं लिहिलं होतं की त्या गोळ्या घेऊन त्यानं रात्रभर वाचलं आणि सगळं पुस्तक डोक्यात बसल्यासारखं वाटलं. खाली आमच्या रीतीप्रमाणे प्रश्न होता, "आणि सकाळ?" त्यानं उत्तर दिलं होतं, "लिहितो." त्याचीही परीक्षा असणार. लिहायचं राहून गेलं. आम्हीही वाट पाहत राहिलो. मधल्या काळात ती झगमगती रात्र तिथे एकटीच उभी होती, सकाळशिवाय. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होती.

मी रफीकला फोन केला आणि म्हटलं, बंद करू. आत्ताच्या आत्ता. आपल्याला नाही झेपत हे. मी रडत होते. इतके दिवस उघडं ठेवा म्हणून सगळ्यांशी भांडणारी मीच होते.

त्यानं मला रडू दिलं. मग म्हणाला, "ताई, आपुन बंद केल्यानं ती गोळी बंद हुनार हाय का? ती मिळायची तितं मिळनारच. बंद हुईल ती सायली. पुढच्या टायमाला ती खळ्यावर येऊन वरडनार न्हाई. खोलीचं दार लावून बसंल."

"मग काय करायचं?"

"सकाळ आल्याबिगर रात दाखवायचीच न्हाई."

इतकं सोपं होतं ते. आधी का सुचलं नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले. तेव्हापासून आमच्याकडे ज्याला आपला अनुभव लिहायचाय, त्यानं आधी सकाळ लिहायची. ती आल्याशिवाय त्याची रात्र आम्हा ग्रुप सांभाळणाऱ्यांखेरीज कुणाला दिसत नाही. मदतीचा प्रश्न असेल तर मात्र जराही आडपडदा नाही, तो सरळ सगळ्यांसमोर जातो. पुष्कळ जण सकाळ लिहायच्या कंटाळ्यानं रात्रही लिहीत नाहीत. आमचं काही बिघडत नाही.

ग्रामसभेत बाळासाहेब उठले तेव्हा मी मनात उत्तरं जुळवायला लागले. ते म्हणाले, "बंद न्हाई करायचं. पन गावचा एक मानूस त्याच्यात पायजे. आन् धाकल्या पोरांस्नी आत घेऊ नका." मग स्वतःचंच नाव सुचवलं. आता आम्ही तिघे आहोत. पहिल्याच दिवशी भाऊजींनी एका पोराला "गाढवा" असं लिहिलं आणि रफीकनं ते लगोलग काढलं. त्यावरून दोघांचं वाजलं. हल्ली ते गाढव म्हणत नाहीत. "जेवलास का?" एवढं विचारतात आणि त्यालाच सगळ्यांत जास्त उत्तरं येतात.

सगळं सुटलं असं मात्र मी म्हणणार नाही. दर आठवड्याला आमचं एखादं तरी भांडण होतं. हे ठेवायचं की काढायचं? या माहितीनं कुणी वाचेल, की कुणाला नशेचीच वाट सापडेल? खाचराच्या बांधाला पाणी जायला तोंड ठेवलेलं असतं. ते एकदाच उघडून किंवा एकदाच बुजवून घरी जाता येत नाही. रोज जाऊन बघावं लागतं, आज किती पाणी आहे, किती सोडायचं. कधी चुकतंही. पण म्हणून कुणी बांध फोडत नाही, की भात लावायचं सोडत नाही. मला हल्ली हे रोज जाऊन बघणं आवडायला लागलंय. पूर्वी मला वाटायचं, कधीतरी एक पक्का नियम सापडेल आणि मी सुटेन. आता तसं वाटत नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

परवा ग्रुपवर एकानं लिहिलं, "सकाळ लिहायला बसलो होतो. लिहिता लिहिता लक्षात आलं, मला मदत हवी आहे." डॉक्टर मैत्रिणीचा क्रमांक मी त्याला एकट्याला दिला. मित्रासाठी मागत नव्हता. स्वतःसाठी मागत होता.

एक प्रसंग मी अजून सांगितलेला नाही. तो मला ग्रुपवरही कधी लिहिता आला नाही.

मृणालचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात पोचले. मुलीला रुग्णालयात ठेवलंय एवढंच फोनवर कळलं होतं, रात्रभर एसटीत बसून आले होते. अंगात स्वेटर, हातात पिशवी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांना काय सांगायचं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. म्हणजे बाळासाहेबांनी सुचवलं आणि आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली. मुलगी वाचली होती. बापाला आणखी कशाला घोर?

"काय न्हाई, दादा," बाळासाहेब त्यांना म्हणाले, "पोटात बिगाड झाला व्हता. भायेरचं खाल्लं आसंल. आता झाक हाय पोरगी."

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "मी म्हणलोच होतो हिला, बाहेरचं खाऊ नको म्हणून," ते म्हणाले आणि हसले. सायली खाली बघत होती. ज्या मुलीनं सगळ्या खळ्यासमोर खरं सांगितलं होतं, तीही गप्प होती. खोटं इतकं नीट बसलं होतं की आता कुणी काही बोलायची गरजच नव्हती. वडील खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि पिशवीतून डबा काढायला लागले.

मृणालच्या हाताला सलाइन लावलेलं होतं. ती छताकडे बघत होती. मग तिनं मान वळवली.

"बाबा, पोट नव्हतं बिघडलं. मी गोळ्या घेतल्या होत्या."

डबा त्यांच्या हातातच राहिला. "कशाच्या गोळ्या?"

"जागायच्या. अभ्यासाला. मोबाइलवर एका ग्रुपवर वाचलं होतं. मग झोपच येईना, म्हणून झोपेच्या घेतल्या." तिचा आवाज फुटत होता, पण ती थांबली नाही.

"कवापासून घ्यायलीस?"

"मागच्या परीक्षेपासून."

त्यांनी डबा पुन्हा पिशवीत ठेवला. पिशवी खाली ठेवली. बाळासाहेब दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, मारेल, नाहीतर उठून जाईल.

"मला का नाही सांगितलीस?" ते म्हणाले. "त्या मोबाइलातल्या लोकांना विचारलीस. बापाला नाही विचारलीस."

"तुम्ही रागावला असता, बाबा."

ते तिच्याकडे बघत राहिले. डोळे जागरणानं लाल झाले होते. त्यांनी हात पुढे करून तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"रागावलो असतो," ते म्हणाले. "लई रागावलो असतो. पण आलो असतो की, माय."